नवे टायर घेण्याआधी जुने वाचायला शिका

माझ्या सासऱ्यांची गाडी कोथरूडच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. सहा वर्षांत जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर झालेले. मे महिन्यात ती घेऊन महाबळेश्वरला जायचं ठरलं, म्हणून आदल्या दिवशी हवा भरायला नेली. टायरवाल्या काकांनी पाइप हातात घेण्याआधी खाली बसून टायरच्या बाजूवर अंगठा दाबून धरला आणि मला हाक मारली, “ताई, इकडे या. हे बघा.” अंगठ्याखाली रबरात केसाएवढ्या भेगा उघडत होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. वरची नक्षी मात्र जवळपास नव्यासारखी होती. मी म्हटलं, “बाबा म्हणतात अजून दोन वर्षं आरामात चालतील.” काका म्हणाले, “भाजी आणायला चालतील हो. घाटात भरल्या गाडीला नका चालवू.”

चारही टायर त्याच दिवशी बदलले. त्यानंतर घरातल्या, नात्यातल्या, ऑफिसातल्या ज्यांनी ज्यांनी टायर घ्यायचे म्हणून विचारलं, त्यांच्याबरोबर मी दुकानात जाऊन बसले आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पुण्यातल्या घरगुती गाडीचा टायर झिजून संपण्याआधी बहुतेक वेळा वयाने, खड्ड्याने किंवा कमी हवेने संपतो. म्हणून “किती किलोमीटर चालतो?” या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे कमी आणि तुमच्या स्वतःच्या टायरवर जास्त असतं. पहिल्यांदाच टायर घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम: टायर खरंच संपलाय का ते बघा

गाडी सपाट जागी लावा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या टायरचा चेहरा बाहेर येईल, आणि खाली बसा. नक्षीच्या मुख्य खाचांमध्ये जागोजागी आडवे छोटे उंचवटे दिसतील. ते नेमके कुठे आहेत हे कळण्यासाठी टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे) छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं असतात. हे उंचवटे १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. कायद्यानेही कारसाठी तेवढीच मर्यादा आहे. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते, त्यावरून किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो.

पण १.६ ही शेवटची रेषा आहे, तिथवर थांबू नका. पावसात टायरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला सारतात. खाच उथळ झाली की पाणी टायरखालीच राहतं, वेग वाढला की टायर पाण्यावर तरंगतो आणि त्या क्षणी स्टेअरिंगही नाही, ब्रेकही नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा तो लांबलचक उतार ज्याने भर पावसात उतरला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. माझा नियम असा: मे संपताना खोली तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाळ्याआधीच टायर बदलायचे. ऑक्टोबरपर्यंत ओढायचे नाहीत. खोली मोजायचं छोटं गेज ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत मिळतं.

आता झीज कुठे झाली आहे ते बघा, कारण नव्या टायरचं आयुष्य त्यावर ठरणार आहे. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असायची. एकच कड, विशेषतः आतली, गोटा झाली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय. हात फिरवल्यावर टायर लाटालाटांचा लागत असेल तर शॉकअब (धक्के झेलणारे शॉक ॲब्सॉर्बर) तपासा. ही कारणं दुरुस्त न करता नवे टायर टाकलेत तर तेही तसेच जातील.

आणि फुगा. टायरच्या बाजूला लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा उंचवटा आलेला दिसतो. खड्ड्याची कड किंवा दुभाजकाचा दगड जोरात लागला की रबराच्या आतले दोरे तुटतात आणि हवा त्या जागी बाहेर ढकलते. पहिल्या पावसानंतर पुण्यात टायरच्या दुकानात बसलात तर दर तासाला एक तरी फुगा बघायला मिळेल. फुग्याला दुरुस्ती नाही. “ठिगळ लावून देतो” असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. फुगा असलेला टायर काढून लगेच स्टेपनी चढवा.

वय कसं वाचायचं

टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. बस, एवढंच. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमके गाडीच्या आतल्या बाजूला गेलेले असतात. मग मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकावं लागतं. वाका.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता मिळून ते कडक करतात. कडक रबराची रस्त्यावरची पकड कमी होते आणि मग भेगा पडतात. उघड्या पार्किंगमधली, आठवड्यातून एकदा निघणारी गाडी म्हणून फसवते: नक्षी शाबूत, टायर मात्र थकलेला. पाच वर्षं झाली की दरवर्षी एकदा जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर काढून टाका, असं बहुतेक कंपन्या सांगतात. माझं मत विचाराल तर उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि घाटात जाणाऱ्या गाडीसाठी सहा वर्षं पुरे.

किलोमीटरचं म्हणाल तर नीट हवा, वेळेवर अलाइनमेंट आणि शांत पाय असेल तर घरगुती गाडीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातो. सिग्नलवरून उडी मारायची आणि पुढच्या सिग्नलला करकचून थांबायचं, या सवयीने तोच टायर तीस हजारांत गोटा होतो. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं वजन आणि मोटरचा तडक जोर यामुळे झीज आणखी लवकर होते, तेवढं गृहीत धरा.

साइज: जी लिहिली आहे तीच

टायरवर मोठ्या अक्षरात समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रिमपासून नक्षीपर्यंत, त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले दोरे बसवायची पद्धत. १५ म्हणजे १५ इंची रिम. ८८ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलोपर्यंत भार चालतो. एच हे वेगाचं अक्षर: ताशी २१० किलोमीटर. एस १८०, टी १९०, व्ही २४०. आपण त्या वेगाने जाणार नाही हे खरं, पण वेगाचं अक्षर उष्णता सहन करायची ताकदही सांगतं. म्हणून मूळ टायरपेक्षा वजनाचा आकडा किंवा वेगाचं अक्षर खालचं घेऊ नका, चार पैसे वाचत असले तरी.

“ताई, एक साइज मोठी टाका, गाडी रुबाबदार दिसते,” हे वाक्य दुकानात ऐकू येणारच. तेव्हा एक हिशोब लक्षात ठेवा. १८५/६५ आर १५ चा पूर्ण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर येतो. १६५/८० आर १४ चा येतो जवळपास ६२०. म्हणूनच स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला चौदा इंची आणि वरच्याला पंधरा इंची चाकं असूनही दोन्हींचा स्पीडोमीटर बरोबर चालतो. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या दोन साइजपैकी एक निवडायला हरकत नाही, रिमही त्याच मापाची हवी. त्यापलीकडे रुंद टायर टाकला की स्टेअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं आणि काही गाड्यांत पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्यात रिम वाकवून घेतो. पुण्याच्या रस्त्यांवर मला तो सौदा पटत नाही.

गाडीत नंतर सीएनजी बसवलं असेल तर डिकीत सिलिंडरचं वजन कायमचं आहे हे दुकानदाराला सांगा. मागच्या टायरची हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे ठेवा (तो आकडा कुठे असतो ते पुढे ‘हवा’मध्ये सांगते).

कुठला घ्यायचा

आपल्याकडे एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, गुडइयर, कॉन्टिनेंटल असे पर्याय सहज मिळतात. ब्रिजस्टोनचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. “सगळ्यात चांगली कंपनी कुठली?” या प्रश्नात मी वेळ घालवत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन टायर दोन स्वभावांचे असतात. एक टिकण्यासाठी बनवलेला, कडक रबराचा, ॲव्हरेज चांगलं देणारा. दुसरा मऊ, पकड घट्ट, आवाज कमी, पण लवकर झिजणारा. दुकानात कंपनीचं नाव सांगू नका, तुमचा रस्ता सांगा.

रोज हडपसर ते हिंजवडी, सुट्टीत क्वचित बाहेर: टिकाऊ टायर घ्या. दर पंधरा दिवसांनी ताम्हिणीतून कोकणात, वरंध्यातून महाडला, पावसाळ्यात लोणावळा: ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असलेला घ्या, दहा हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. ब्रेक लागतो तो टायरवर. गाडी कितीही मोठी असो, प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो आणि आपली सगळी माणसं त्या चार तळहातांवर असतात. दोघांमध्ये कुठला घ्यावा असा घोळ झाला तर मी पकडीच्या बाजूने जाते.

टायरवर आयएसआय मार्क असलाच पाहिजे, तो कायद्याने सक्तीचा आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांचेही निकष अधिसूचित केले. काही टायरवर इंधनबचतीचे स्टारही असतात. ते फक्त इंधनाबद्दल बोलतात, पावसातल्या ब्रेकबद्दल नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. वापरलेले किंवा वरून नवं रबर चढवलेले टायर कारला घेऊ नका. आतले दोरे कुठे कुठे तुटले आहेत हे कोणालाच दिसत नाही.

दुकानात

फोनवर तीन दुकानांत भाव विचारा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न टाका: फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून किती? नुसत्या टायरचा भाव ऐकून गेलात तर वरचे पैसे तिथे गेल्यावर कळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो दर बिलावर बघा. पक्कं बिल घ्याच. त्यावर टायरचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते. खड्ड्याने आलेला फुगा किंवा कट काही कंपन्या ठराविक काळापर्यंत भरून देतात, पण त्यासाठी टायर त्यांच्याकडे रजिस्टर करावा लागतो. ते दुकानात उभं असतानाच करून घ्या, घरी गेल्यावर राहून जातं.

टायर रिमवर चढवण्याआधी चारही टायरचे ते चार आकडे स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला टायर उत्तम, वर्षापर्यंतचा ठीक. त्याहून जुना दाखवला तर दुसरा मागा. एका दुकानात माझ्या मावसबहिणीला तीन टायर ताजे आणि चौथा पावणेदोन वर्षं जुना लावत होते. विचारल्यावर “काही फरक पडत नाही” म्हणाले, पण बदलून दिला. एकदा चढवला की बदलून मिळत नाही, म्हणून आधी.

चढवताना तिथेच उभ्या राहा किंवा उभे राहा, चहा प्यायला जाऊ नका. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं. ती बाजू बाहेरच आली पाहिजे. बाजूला पिवळा ठिपका दिसला तर तो टायरचा हलका भाग असतो, तो व्हॉल्व्हसमोर आला की बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. रबरी व्हॉल्व्ह दरवेळी नवे लावायचे. ते स्वस्त असतात आणि जुने चिरले की तिथूनच हवा जाते. नट शेवटी हाताने, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), समोरासमोरचे आळीपाळीने आवळायला सांगा. नुसत्या हवेच्या गनने करकचून आवळलेले नट रात्री रस्त्यात घरच्या पान्याने सुटत नाहीत.

दोनच बदलणार असाल तर नवे मागे

यावर दुकानात हमखास वाद होतो, म्हणून थोडं सविस्तर. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. वळणं, ओढ आणि ब्रेकचा मोठा वाटा तेच झेलतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. साहजिकच दुकानदार म्हणतो, नवे पुढे टाकू. पण ओल्या वळणावर पुढचे टायर निसटले तर गाडी सरळ जाऊ लागते, पाय उचलला की ती सावरते, आणि आपल्याला ते स्टेअरिंगवर आधी कळतंही. मागचे निसटले तर गाडीची शेपूट बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ते सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. खंबाटकीच्या वळणावर असं घडू नये यासाठी पकड जास्त असलेली जोडी मागे हवी. मागचे चांगले टायर पुढे आणा, नवे मागे टाका. दुकानदार नको म्हणाला तरी आग्रह धरा. आणि एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असू द्या.

हवा

टायरचं आयुष्य सगळ्यात जास्त हवेच्या हातात आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. “उन्हाळ्यात एक्सप्रेस वेला जाताय ना? हवा दोन पॉइंट कमी ठेवा, गरम होऊन वाढते,” हे मी पंपावर, लग्नात, लिफ्टमध्ये ऐकलं आहे. सांगणारे आपुलकीने सांगतात, पण हे उलटं आहे. गरम झाल्यावर हवेचा दाब वाढतो हे खरं, आणि टायर बनवणाऱ्यांनी ते धरूनच आकडा दिलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी गरम होते, तसंच. एक्सप्रेस वेच्या काँक्रीटवर मे महिन्याच्या दुपारी तासभर शंभरच्या वेगाने गेलात की ती उष्णता साठत जाते आणि कमकुवत जागी टायर फुटतो.

तर, हवा किती? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर स्टिकर असतो. त्यावर पुढचा, मागचा, आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगवेगळा असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. पंपावरचा मुलगा सगळ्यांना पस्तीसच भरतो, म्हणून आकडा तुम्ही सांगा. हवा टायर थंड असताना बघा, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून कमी करू नका. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी नक्की. स्टेपनीही त्यात धरा. सीएनजीच्या गाडीत ती सिलिंडरखाली अडकलेली असेल तर निघण्याआधी एकदा प्रत्यक्ष काढून बघा. काही गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असते, तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यासाठी दर वेळी शोधत फिरू नका.

पुढची देखभाल

नवा टायर पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. शंभर किलोमीटर झाले की नट एकदा पुन्हा तपासून घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे फिरवा, त्याच वेळी अलाइनमेंट करा. मोठा खड्डा जोरात लागला तर तेव्हाही करा. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर रस्त्यावर भोकात खुपसतात ती रबरी पट्टी घरी पोचायला पुरते. नंतर टायर उतरवून आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या. बाजूचं किंवा खांद्यावरचं पंक्चर काढून घेऊ नका. पंक्चरवाला साबणाच्या पाण्यात बुडबुडे दाखवतो तेव्हा तिथे उभं राहून स्वतः मोजा.

जुन्या टायरचे दुकानदार थोडे पैसे देतो, देऊन टाका. झोका करू, कुंडी करू म्हणून गच्चीवर नेऊन ठेवलेल्या टायरमध्ये पहिल्या सरीला पाणी साचतं आणि आठवड्याभरात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात महापालिकेचे लोक तपासणीला आले की सोसायटीला नोटीस त्यावरूनच मिळते. सासऱ्यांचे चारही जुने टायर मी त्याच संध्याकाळी काकांच्या दुकानात ठेवून आले, आणि खंबाटकी चढताना सासरे मागच्या सीटवर निवांत झोपले होते.